संकेतस्थळाचे बिऱ्हाड

द्वितीय वर्ष, कला

कला शाखेच्या विद्यार्थिनीने सर्व्हर, फोल्डर आणि स्लॅश यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. क्वचित कोणी पान उलटून पुढच्या कथेकडे वळेलही. त्यांना एवढीच विनंती, की हा विषय दिसतो तितका विज्ञान शाखेचा नाही. माझ्या मते तो मूळचा व्याकरणाचा आहे. 'इथे', 'तिथे', 'पुढे', 'पलीकडे' ही स्थलवाचक क्रियाविशेषणे आपण शाळेत शिकलो. 'पलीकडे' या शब्दाला स्वतःचे असे ठिकाण नसते. बोलणारा कोठे उभा आहे यावर ते ठरते. नदीच्या या काठावरून 'पलीकडचे देऊळ' म्हटले तर एक देऊळ, आणि त्या काठावरून म्हटले तर दुसरेच. संकेतस्थळ घरच्या संगणकावर उत्तम चालते आणि खऱ्या सर्व्हरवर नेले की त्यातली चित्रे नाहीशी होतात, पाने सापडेनाशी होतात, ही तक्रार नेहमीची आहे. तिच्या मुळाशी बहुधा हेच असते. शब्द तेच राहतात, बोलणाऱ्याची उभी राहण्याची जागा बदलते.

आमच्या मराठी विभागाने गेल्या वर्षी या वार्षिकाचे जुने अंक स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवण्याचे काम हाती घेतले. चौघांच्या गटात मी एक होते. त्या कामात जे समजले ते इथे मांडते.

प्रथम पत्त्याचे अवयव पाहू. 'एचटीटीपीएस://उदाहरण.इन/मराठी/अंक/१९८३/' असा एक पत्ता समजा. छपाईच्या सोयीसाठी मी सर्व पत्ते देवनागरीत लिहीत आहे. प्रत्यक्षात ते बहुधा रोमन अक्षरांत असतात. पहिला तुकडा कोणत्या रीतीने बोलायचे ते सांगतो, दुसरा कोणत्या यंत्राशी बोलायचे ते, आणि पहिल्या एकेरी स्लॅशपासून पुढचा भाग म्हणजे मार्ग. संगणकवाले त्याला पाथ म्हणतात. ही पत्त्याची पद्धत टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत बसवली. १९९१ मध्ये तेथील पहिले संकेतस्थळ बाहेरच्या जगाला खुले झाले. फोल्डरात फोल्डर दाखवण्यासाठी स्लॅश घालण्याची चाल त्यांनी युनिक्स प्रणालीवरून घेतली. आरंभीच्या दुहेरी स्लॅशची वास्तविक गरज नव्हती, असे त्यांनीच २००९ मध्ये बोलून दाखवले. असो. तो आता जाणार नाही. आपले सारे रामायण त्यानंतरच्या एकेरी स्लॅशचे आहे.

एका पानातून दुसऱ्या पानाचा किंवा चित्राचा पत्ता सांगण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, संपूर्ण पत्ता लिहिणे. म्हणजे पाकिटावर गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड सारे घालणे. (पिनकोडाची सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. कला शाखेच्या माणसाने पत्त्यांत लक्ष घालू नये असे म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती.) दुसरी रीत, वेशीपासून सांगणे: 'वेशीतून आत आलात की उजव्या हाताचा तिसरा वाडा'. असा मार्ग स्लॅशने सुरू होतो, उदाहरणार्थ '/चित्रे/मुखपृष्ठ.जेपीजी'. तिसरी रीत, उभे आहोत तिथून सांगणे: 'इथून दोन घरे सोडून'. असा मार्ग स्लॅशने सुरू होत नाही, नुसते 'चित्रे/मुखपृष्ठ.जेपीजी' असे लिहिले जाते. एक पायरी वर जायचे असेल तर दोन टिंबे देऊन स्लॅश देतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीचा अर्थ लावण्याचे काम ब्राउझर करतो, सर्व्हर नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचे नियम १९९५ मध्ये स्वतंत्रपणे लिहिले गेले आणि २००५ मध्ये सुधारून पक्के झाले. मुख्य नियम साधा आहे. चालू पानाचा मार्ग घ्यायचा, त्यातील शेवटच्या स्लॅशनंतरचे सारे कापून टाकायचे आणि उरलेल्यापुढे नवा मार्ग जोडायचा. पण या साधेपणातच गोम आहे. समजा पानाचा मार्ग '/अंक/१९८३/' असा आहे आणि त्यात 'चित्रे/मुखपृष्ठ.जेपीजी' लिहिले आहे. शेवटच्या स्लॅशनंतर काहीच नाही, म्हणून काही कापले जात नाही आणि ब्राउझर '/अंक/१९८३/चित्रे/मुखपृष्ठ.जेपीजी' मागतो. आता तोच पत्ता शेवटचा स्लॅश न देता '/अंक/१९८३' असा लिहा. या वेळी '१९८३' हेच शेवटच्या स्लॅशनंतरचे ठरते, ते कापले जाते आणि ब्राउझर '/अंक/चित्रे/मुखपृष्ठ.जेपीजी' मागतो. तसे चित्र कोठेच नाही. एका तिरप्या रेघेने अख्खे वर्ष गळून पडले! अपाचीसारखा सर्व्हर फोल्डराचा पत्ता स्लॅशशिवाय आला तर स्लॅश लावलेल्या पत्त्याकडे पाठवून देतो, म्हणून पुष्कळदा हे ध्यानात येत नाही. काही सर्व्हर मात्र असे पाठवत नाहीत, दोन्ही पत्त्यांना तेच पान देतात. घरी एक प्रकारचा सर्व्हर आणि बाहेर दुसऱ्या प्रकारचा असला, की घोटाळा ठरलेला.

घरचा सर्व्हर म्हणजे काय तेही सांगते. संकेतस्थळ तयार करणारा आपल्याच संगणकावर एक छोटा सर्व्हर चालवतो आणि ब्राउझरात 'लोकलहोस्ट' असा पत्ता देऊन काम पाहतो. लोकलहोस्ट म्हणजे '१२७.०.०.१', म्हणजे हे यंत्र स्वतःच. या अवस्थेला डेव्हलपमेंट म्हणतात, आणि लोकांसाठी खुल्या केलेल्या यंत्राला प्रॉडक्शन. घरी आपले संकेतस्थळ एकटेच असते. वेशीच्या आत आपलाच वाडा, दुसरे घर नाही. आम्हांला महाविद्यालयाच्या सर्व्हरवर जागा मिळाली ती मुख्य संकेतस्थळाच्या आत, 'मराठी' नावाच्या फोल्डरात. आम्ही वापरलेल्या तयार साच्यात सारे मार्ग वेशीपासून लिहिलेले होते. घरी '/चित्रे/' म्हणजे आमची चित्रे. तिथे '/चित्रे/' म्हणजे महाविद्यालयाच्या मुख्य फोल्डरातील चित्रे, आणि तिथे आमचे एकही नव्हते. यात साच्याचे काही चुकले नव्हते, सर्व्हरचेही नाही. '/चित्रे/' या मार्गाचा अर्थ दोन्ही ठिकाणी नियमाप्रमाणेच लागला.

परिणाम काय झाला? अनुक्रमणिका दिसे, लेखकांची नावे दिसत, पण नावावर बोट ठेवले की स्कॅन केलेल्या पानाच्या जागी फाटक्या चित्राची खूण येई. १९८३ च्या अंकात एकच कविता छापून आलेल्या एक बाई आहेत. त्या आमच्याच तालुक्यात राहतात. सुनेच्या फोनवर त्यांनी आपले पान उघडले आणि मग मला फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, माझी कविता काढून टाकली का तुम्ही? काही वाईट होतं का तिच्यात?" त्यांना स्लॅशची गोष्ट सांगून काय उपयोग? मी म्हटले, "नाही हो काकू, पान आहे, रस्ता बंद आहे." त्यांना ते पटले की नाही, देव जाणे. आमच्या घरात छापील कागदावर नाव येणे म्हणजे सातबारा नाहीतर लग्नपत्रिका. त्यामुळे चाळीस वर्षांनी आपली कविता शोधणाऱ्या माणसाला ती न दिसणे म्हणजे काय, हे मला वेगळे समजावून घ्यावे लागले नाही. संगणकाच्या भाषेत त्या उत्तराला क्रमांक ४०४ आहे. वाचणाऱ्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'तुम्हांला वगळले' असा होऊ शकतो.

उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतो, सारे मार्ग उभे आहोत तिथून लिहा, म्हणजे बिऱ्हाड कोठेही हलवा. लहान संकेतस्थळाला हे पुरते. पण पाने निरनिराळ्या खोलीच्या फोल्डरांत असली की प्रत्येक पानात 'वर, वर, मग खाली' अशा पायऱ्या मोजाव्या लागतात, आणि एक मोठी फसगत होते. नियम असा, की वेशीपर्यंत पोहोचल्यावर आणखी वर जा म्हटले तर ब्राउझर ती जास्तीची पायरी मुकाट्याने सोडून देतो. शेवटच्या थांब्यापुढचे तिकीट काढले तरी एसटी तिथेच उतरवणार, तसे हे. घरी '/अंक/१९८३/' या पानातून दोनऐवजी तीन पायऱ्या वर लिहिल्या तरी चित्र बरोबर दिसते, कारण तिसरी पायरी माफ होते. सर्व्हरवर आधी 'मराठी' फोल्डर असतो, म्हणून तीच तिसरी पायरी मोजली जाते आणि आपण आपल्या फोल्डराच्या बाहेर पडतो. घर जिथे माफ करते तिथे बाहेरचा हिशेब पुरा घेतो!

दुसरा उपाय एचटीएमएलमधील 'बेस' या खुणेचा. पानाच्या आरंभी एकदा सांगून ठेवायचे, की या पानातील सारे मार्ग अमुक ठिकाणापासून मोजा. हा उपाय वरवर सुटसुटीत दिसतो. परंतु स्लॅशने सुरू होणाऱ्या मार्गांना तो लागूच पडत नाही. ते वेशीपासूनच मोजले जातात. शिवाय पानातल्या पानात तळटिपेकडे नेणारे दुवेही त्या नव्या ठिकाणापासून मोजले जाऊन वाचकाला भलत्याच पानावर नेतात. जुन्या अंकांतले लेख तळटिपांनी भरलेले, म्हणून हा उपाय आम्ही सोडला.

शेवटी जो उपाय केला तो बऱ्याच ठिकाणी रूढ आहे. आपले संकेतस्थळ कोणत्या फोल्डरात उभे आहे ही माहिती एकाच जागी, एका ओळीत लिहायची; तिला आम्ही आधारमार्ग म्हणतो. प्रत्येक दुवा, प्रत्येक चित्र, प्रत्येक फॉर्म आपला मार्ग त्या ओळीला विचारून तयार करतो. कोणत्याही पानात हाताने स्लॅशने सुरू होणारा मार्ग लिहायचा नाही, हा गटाचा नियम. उद्या विभागाला स्वतंत्र नाव मिळाले तर एक ओळ बदलली की झाले. गिटहबच्या मोफत सोयीवर प्रकल्प ठेवणाऱ्यांनाही हेच करावे लागते, कारण तिथेही प्रकल्पाचे संकेतस्थळ त्याच्या नावाच्या फोल्डराखाली उभे राहते.

पण आधारमार्ग घरी रिकामा आणि बाहेर '/मराठी/' असा ठेवला तर निम्मेच काम होते. माझे स्पष्ट मत असे, की घरचा सर्व्हरही '/मराठी/' या फोल्डराखालीच चालवावा. घरी काम करताना एक शब्द जास्त टंकावा लागतो, आमच्या गटातील एका मित्राला त्याचा कंटाळाही येतो; पण चुकीचा मार्ग घरीच पकडला जातो, वाचकाच्या फोनवर नव्हे. नाटकाची तालीम रंगमंचाच्या मापाच्या चौकोनात करतात ती याचसाठी.

आणखी एक बारीक जागा. पुष्कळदा लोकांना दिसणारा सर्व्हर पुढे असतो आणि खरे काम करणारा त्याच्या मागे. पुढचा एनजिनएक्स असेल तर '/मराठी/' साठी मागच्याचा पत्ता देताना शेवटी स्लॅश दिला की तो '/मराठी/' हा भाग काढून उरलेला मार्ग मागे देतो. स्लॅश न दिला तर सगळा मार्ग जसाच्या तसा देतो. पहिल्या पद्धतीत मागच्या बिचाऱ्याला आपण 'मराठी'त राहतो हे ठाऊकच नसते, आणि तो वाचकाला वेशीपासूनचे पत्ते देत बसतो. दोन्ही पद्धती चालतात. मात्र कोणती निवडली आहे ते आधारमार्गाच्या ओळीशी जुळले पाहिजे.

फोल्डराचे झाले, आता अक्षरांचे. आपल्या देवनागरीत मोठे आणि लहान अक्षर हा भेद नाही, म्हणून रोमन लिपीतला हा भेद आपल्या डोळ्यांत चटकन भरत नाही. विंडोजही सहसा तो मानत नाही: मोठ्या अक्षरांतले 'जेपीजी' आणि लहान अक्षरांतले 'जेपीजी' त्याला एकच. सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावे आहेत. पुष्कळ कॅमेरे फाइलला मोठ्या अक्षरांत नाव देतात, लिहिणारा लहान अक्षरांत लिहितो. घरी चित्र दिसते, सर्व्हरवर ४०४. यावर सारी नावे लहान अक्षरांत, एवढा नियम पुरे.

देवनागरी नावांची गोष्ट मात्र मला जास्त लागली. मराठी अंकांच्या फाइलींना मराठी नावे द्यावीत, असा माझा आग्रह होता आणि तांत्रिकदृष्ट्या त्याला अडचण नाही. ब्राउझर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट करतो आणि प्रत्येक बाइटाला टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहितो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरे. 'बिऱ्हाड' या शब्दात ब, वेलांटी, ऱ, हलन्त, ह, काना आणि ड अशी सात चिन्हे आहेत. हा शब्द पत्त्यात घातला आणि पत्ता कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवला, तर पुष्कळदा त्याजागी टक्क्यांनी भरलेली ६३ अक्षरे जातात. तेही एक वेळ चालेल. खरी अडचण त्यातल्या 'ऱ' ची. युनिकोडमध्ये 'ऱ' हे एक स्वतंत्र चिन्ह आहे. पण तेच अक्षर 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. शिवाय 'ऱ्ह' मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा रफार 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीनेही उमटतो. वाचणाऱ्याला तिन्ही 'बिऱ्हाड' एकसारखी. लिनक्स सर्व्हर नावे बाइटांनी ताडून पाहतो, म्हणून त्याला ती तीन निरनिराळी नावे. एकाने एका कळफलकावर फाइलला नाव दिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावर दुवा लिहिला, तर डोळे फाडून पाहिले तरी चूक दिसणार नाही. अखेर फाइलींची नावे लहान रोमन अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ यांत ठेवायची असे ठरले. पानावरची शीर्षके मराठीत आहेतच. तरीही ही तडजोड आहे, आणि ती मला मनापासून आवडलेली नाही.

संपूर्ण पत्ता लिहिण्याच्या पहिल्या रीतीबद्दल अजून बोललेच नाही. ती सर्वांत बिनधोक वाटते, पण बिऱ्हाड हलवताना तीच सर्वांत जास्त छळते. वर्डप्रेसमध्ये संकेतस्थळाचा पत्ता डेटाबेसमध्ये नोंदलेला असतो आणि लेखात घातलेल्या चित्रांचे पत्तेही संपूर्ण लिहिले जातात. घरी तयार केलेले संकेतस्थळ तसेच उचलून सर्व्हरवर नेले, तर चित्रांच्या पत्त्यांत 'लोकलहोस्ट' राहून जातो. एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचे असेच झालेले मी पाहिले. गंमत अशी, की लोकलहोस्ट म्हणजे 'हे यंत्र'. म्हणून वाचकाचा फोन ती चित्रे स्वतःतच शोधतो आणि अर्थातच त्याला ती सापडत नाहीत. ज्याने ती चढवली त्याच्या संगणकावर घरचा सर्व्हर चालू असेल तर त्याला मात्र ती दिसूही शकतात! तो शपथेवर सांगतो, की सगळे ठीक आहे. अशा वेळी डेटाबेसमध्ये नुसते 'शोधा आणि बदला' करणेही धोक्याचे, कारण वर्डप्रेस काही माहिती अक्षरांच्या संख्येसह साठवतो. पत्त्याची लांबी बदलली आणि संख्या तीच राहिली, की ती माहिती वाचता येत नाही. त्यासाठी ही संख्याही सुधारणारी साधने वापरावी लागतात.

हे सारे सर्व्हर बदलण्याच्या दिवसापुरते असते तर मी इतके लिहिले नसते. पण पत्ता एकदा बाहेर गेला की तो आपल्या हातात राहत नाही. तो कोणाच्या वहीत असतो, कोणाच्या प्रबंधात असतो, कोणी नातवाला पाठवलेला असतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये 'कूल यूआरआयज् डोन्ट चेंज' या छोट्या लेखात हेच बजावले होते, की चांगले पत्ते बदलत नाहीत, आणि बदलतात तेव्हा ते माणसांनी बदललेले असतात. पुढे काय बदलू शकेल ते पत्त्यात घालू नये, असा त्यांचा सल्ला. त्याप्रमाणे आम्ही मार्गातून संपादकांची नावे काढली, गटाचे नाव काढले, फाइलीच्या प्रकाराचे शेपूटही काढले; वर्ष आणि पृष्ठ तेवढे ठेवले. १९८३ सालचे बेचाळिसावे पान आणखी पन्नास वर्षांनीही बेचाळिसावेच असेल.

राहिले ते पहिल्या दोन महिन्यांत बाहेर गेलेले जुने पत्ते. ते मोडू दिलेले नाहीत. प्रत्येक जुन्या मार्गासमोर नवा मार्ग लिहून सर्व्हरला ३०१ क्रमांकाचे उत्तर द्यायला सांगितले आहे. त्याचा अर्थ 'कायमचे स्थलांतर'. अशा सध्या ११६ ओळी आहेत. काकूंच्या कवितेची ओळ त्यांत आहे. सुनेच्या फोनवर जपून ठेवलेला जुना पत्ता आता थेट त्या पानावर उघडतो. यंदाच्या मलपृष्ठावर विभागाच्या संकेतस्थळाचा पत्ता छापला जाणार आहे. छापखान्यात देण्यापूर्वी तो शेवटच्या स्लॅशसह आणि स्लॅशशिवाय, मोठ्या आणि लहान अक्षरांत, तीन निरनिराळ्या फोनवर उघडून पाहिला आहे.